हद्दीच्या दगडावरचे बटाटेवडे

बाबा, इंग्लंडातल्या आपल्या त्या गावाच्या इतिहासावरचं तुमचं पुस्तक पुन्हा छापताहेत. गावाच्या इतिहास मंडळातल्या बाईंचा काल फोन आला, नवी आवृत्ती काढतोय, एकदा नजर टाक म्हणाल्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी ते सलग असं काल पहिल्यांदाच वाचलं आणि माझं डोकं फिरलं. चर्चची घंटा कुणी ओतली, गिरणी कुणाची, लोहाराची बायको कुठल्या गावची, सगळं आहे. लोहाराच्या घोडीचंसुद्धा नाव आहे. आपली आई मात्र कुठेच नाही.

दर वसंतात गावाच्या हद्दीवरून फेरी निघायची. प्रत्येक दगडावर छड्या मारायच्या, पोरांना उचलून त्यावर हलकेच आपटायचं, म्हणजे हद्द त्यांच्या लक्षात राहते म्हणे. गावचे डॉक्टर म्हणून तुम्ही सगळ्यांच्या पुढे. पहिल्या वर्षी तुम्ही आईला बजावलं होतं, "सँडविचेस कर, इथल्या लोकांना तिखट चालत नाही." तिनं ऐकलं नाही. नदीकाठच्या शेवटच्या दगडापाशी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत बटाटेवडे घेऊन ती उभी राहिली, आणि चिखलाच्या बुटांतली ती सगळी मंडळी तुटून पडली. मग दरवर्षी तेच. आणि तुम्ही पुस्तकात काय लिहिलंत? फेरीच्या शेवटी मसालेदार बटाट्याचे गोळे खाण्याची गावाची परंपरा आहे. गावाची! अहो, ती परंपरा आपल्या कढईत तळली जात होती.

पुस्तक घरी आलं तो दिवस आठवतो. मी शाळेतून येते, दप्तरही न टाकता विचारते, "बाबा, आई कुठल्या पेजवर आहे?" तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "आपण पाहुणे आहोत इथे. पाहुण्यांनी असं मध्ये घुसायचं नसतं." आई सिंकपाशी पाठमोरी. ती कढई जोरजोरात घासत राहते.

पाहुणी? सगळा संसार तिनं त्या गावात केला. तिच्या अस्थी तुम्ही त्याच नदीत सोडल्यात, त्याच दगडापाशी. पाहुण्यांच्या अस्थी कुणी यजमानाच्या नदीत सोडतं का हो? तुमच्या त्या नम्रपणाचा मला मनापासून संताप येतो. स्वतःला वगळायचं तर खुशाल वगळायचं होतंत. तिला वगळायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मी लगेच त्या बाईंना उलट फोन केला. एक पान वाढवावं लागेल, म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऑफ कोर्स, डिअर. टेल अस ऑल अबाऊट हर."

सकाळपासून लिहायला बसलेय आणि वड्यांच्या पुढे गाडी सरकत नाही. तुम्ही दवाखान्यात, मी शाळेत, तेव्हा ती दिवसभर काय करायची, कुणाशी बोलायची, हे गाव तिला आवडायचं तरी का, मला माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. आता विचारायचं तर तुम्हालाच.