खुंटीवरचा बिल्ला

कोडियाक, अलास्का
१४ एप्रिल १९८६

ती. आर्लीनताईस डेल्बर्टचा शि. सा. न.

पुन्हा तेच. मी सरळ विचारलं होतं की कॉलेजला जातेस ना, आणि तू दोन पानं कोंबड्यांची हकीकत लिहिलीस. कोंबड्या खुशाल आहेत, कळलं. तुझं काय? ओपलमावशीनं कळवलं की मार्चपासून तू घरीच आहेस.

कॉलेज लांब लेक्सिंग्टनला असतं तर समजलो असतो. हे तर डोंगराखालचं, आपल्याच जिल्ह्यातलं. सकाळी घरचा मक्याचा पाव खाऊन जायचं, संध्याकाळी बाबांच्या औषधाला हजर. फी सरकार भरतं. तूच लिहिलं होतंस की शेजारच्या बाकावर एक नातवंडांची आजी बसते, आणि बाई सगळ्यांना नावानं हाक मारतात. दोन वर्षांत नर्सचा परवाना, आणि पुढे मन झालं तर तेच विषय मोठ्या विद्यापीठात धरतात. इथे माझ्या शेजारी मासे साफ करणारा बेनिग्नो सांगतो, त्याची बहीण अशीच शिकून दवाखान्यात लागली. मीही छाती फुगवून सांगितलं होतं, माझी ताई नर्स होतेय. आता काय सांगू, अंडी गोळा करते म्हणून?

रागावलीस तरी लिही. तुझ्या रागावरही माझा लोभ आहेच.

तुझा डेल्बर्ट


पाइन ब्रांच, केंटकी
६ मे

चि. डेल्बर्ट यास अ. उ. आ.

नववीतून पळालेल्यानं मला शाळा शिकवावी! बाबांना कोंबड्यांपर्यंतचं वाचून दाखवलं तर हसले, मग खोकतच बसले. म्हणून पुढचं वाचलं नाही.

खाणीच्या धुळीनं त्यांचं फुप्फुस खाल्लंच होतं, मार्चमध्ये ऑक्सिजनची नळी लागली. रात्री मी जागायची आणि वर्गात डुलक्या काढायची. तेव्हा जायचं थांबवलं. पुढच्या सत्रात जाऊ म्हटलं. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे कोण सांगतं? माणूस खाण सोडतो तेव्हा आपला हजेरीचा पितळी बिल्ला खुंटीला अडकवतो आणि चालू लागतो. आजोबांनी तेच केलं, बाबांनीही. साहेबाच्या दारात कारणं सांगत उभं राहणं म्हणजे गयावया. मीही पांढरा कोट घडी करून कॉलेजच्या कपाटात ठेवला, किल्ली तिथेच सोडली, आले.

परवा नाव घालायला गेले. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, अर्जावर सही करून सोडलं असतं तर पुन्हा येता आलं असतं. न सांगता गेले म्हणून सगळ्या विषयांत नापास. सरकारी मदतीतले सहाशे डॉलर परत करायचे, तोवर कुठल्याच वर्गात नाव नाही. आणि नर्सिंगला नापासांना घेतच नाहीत, जागा थोड्या, रांग मोठी. मग बाईच म्हणाल्या, एकदा दार वाजवायचं होतंस गं, घरात आजारपण असलेल्यांसाठीच तर आम्ही आहोत.

बाबांना वाटतं कॉलेजनं मला रजा दिलीय. तूही काही लिहू नकोस. सुरी जपून चालव आणि आम्हाला मनातून काढू नकोस.

तुझी ताई


कोडियाक
२ जून

ती. ताईस शि. सा. न.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तुझ्या जागी मीही किल्ली ठेवून आलो असतो. बेनिग्नोला सांगितलं, तर म्हणाला की त्याच्या बहिणीनंही मधेच सोडलं होतं, पण अर्ज देऊन. दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. ऑगस्टमध्ये मी घरी येऊन त्याच कॉलेजात वेल्डिंगला नाव घालणार होतो. शाळा सोडलेल्यांची शालान्त परीक्षा तेच आधी करून घेतात म्हणे. तू सकाळी जाणार, मी संध्याकाळी, म्हणजे बाबांजवळ कुणीतरी राहिलंच असतं. आता मुकादमाला सांगितलंय, हिवाळाभर राहतो. त्यानं विचारलं, घरी सगळं बरं ना. हो म्हटलं.

सोबतचे पैसे त्या बाईंकडे भर. पुरणार नाहीत. उरलेले पुढच्या पगारावर पाठवतो. फिटले तरी नर्सिंगची जागा मिळायची नाही, हे मलाही कळतं. टायपिंगचा का होईना, एखादा वर्ग तरी मिळू दे. आणि मधेच बाबांच्या नळीला लागले तर तिथे वापर, मला कळवूही नकोस. माया मात्र पातळ होऊ देऊ नकोस.

तुझाच डेल्बर्ट

सोबत: माझ्या परतीच्या तिकिटाचे चारशे तीस डॉलर.