अर्धी गोळी गोपिकाची

काटोल, १९७८

डॉक्टरसाहेब,

आज तुमच्या वार्डातली नर्सबाई काटोलले भेटली, तिनं सांगितलं. नागपूरच्या वार्डात तुमी मले संधिवाताची खरी गोळी देत होते अन् बाजूच्या खाटेवरच्या गोपिकाले तशीच दिसणारी खडूची, फरक पाहाले. आमाले काहून नाही सांगितलं? माह्या गोळीनं आराम पडते पाहून मी रोज अर्धी तिले देत होती. शेजारची कण्हून राहिली असताना एकटीनं कसं खावं? दोघीले सारखाच आराम पडला, म्हणून गोळी बेकाम ठरवून तुमी बंदच केली! आता गोपिकाले उठता येत नाही. हे पत्र धाडलं तर म्हणान, या बायाइनंच प्रयोग नासवला. एकदा तरी विचारलं असतं, "बाई, गोळी तुम्हीच खाता ना?" तोंडावर खरं सांगितलं असतं.

आता हात न जोडणारी,
अंजनाबाई