पातळी खाली, रंग हिरवा

२ मे

सकाळची नोंद बोललो. आमच्या गळवाल्यांच्या क्लबच्या फोनवर रोज बोलून ठेवतो तशीच — पातळी अजून चार बोटं खाली, पाणी कोमट, रंग हिरवा, गळाला काही नाही. सलग एकोणीस दिवस हेच. नंबर लावून ऐकणारे तरी किती उरलेत कोण जाणे. क्लबच्या शेडमध्ये आमच्यातला शिंपी म्हणाला, “पाणी कसलं, वाटाण्याचं सूप आहे हे!” कुणी हसलं नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. “बाबा, नदी काय म्हणते?” म्हटलं, झकास! मासे नुसते उड्या मारतायत, ये तू! धडधडीत खोटं. चार वर्षांत फिरकली नाहीये. खरं सांगितलं असतं तर कशाला आली असती?

३ मे

येतेय! परवा. एकटीच, जावईबापूंना रजा नाही.

४ मे

धरणाच्या कचेरीत जाऊन विचारून आलो. पाणी सोडणार नाहीत. “काका, प्यायलाच पुरेना, तुमच्या माशांचं काय घेऊन बसलात?” बरोबरच आहे त्याचं. आता पोरीला काय तोंड दाखवू?

५ मे

आली. वाळलीय जराशी. धक्क्याच्या पायऱ्या उतरताना माझा दंड घट्ट धरला, लहानपणी धरायची तसा. फार बरं वाटलं.

गळाला आमिष मात्र लावेना. “तुम्हीच लावा.” आळशी झालीय! पूर्वी माझ्याआधी हिचा गळ पाण्यात असायचा. चार तास बसलो, साधी ओढ नाही. एक मेलेला मासा पोट वर करून होडीला घासत गेला. हळूच वल्ह्याने लोटला. तिच्या बाजूनेच गेला, पण तिला दिसला नाही. सुटलो!

६ मे

काही नाही.

७ मे

पुलाखालच्या डोहात गेलो. गांडुळं झाली, पिठाच्या गोळ्या झाल्या. मासे खाली तळाशी धापा टाकत पडले असणार, खायचं सुचतंय कुणाला! मधेच विचारते, “ती पांढरी होडी असते का हो अजून?” अगं, डावीकडे तर आहे! मान पार वळवून बघितली तिने. “हो की,” म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. होडीत एवढं काय बघायचं?

८ मे

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

नऊच्या सुमाराला तिच्या दोरीचं बूच डुललं. एकदा, दोनदा, आणि सरळ खाली! तिच्यापासून दोन हातांवर. “ओढ!” म्हणून ओरडलो तोवर दोरी सैल. पंचवीस दिवसांतली पहिली ओढ! आणि ही बूच सोडून माझ्याकडेच बघत बसलेली. डोकंच फिरलं. तोंडातून गेलं, “डोळे फुटले का तुझे!”

“चुकलं, बाबा,” म्हणाली. “लक्ष नव्हतं.” दोरी गुंडाळायला गेली, तर गुंता केला. तोही मीच हिसकावून घेतला.

होडी वळवली आणि घरी आलो.

९ मे

आजही गेलो. जेवताना म्हणाली, उद्याही जाऊ. कशासाठी?

१० मे

नदीचा रखवालदार फलक ठोकून गेला — पुढची सूचना मिळेपर्यंत गळ टाकायला बंदी. संपलं. नोंदीचंही काम संपलं. बावीस वर्षं बोललो.

तरी हट्टाने होडीत बसलीच. गळाशिवाय! तासभर समोरासमोर बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना मला.

११ मे

स्टँडवर राहवलं नाही. म्हटलं, पोरी, फसवून बोलावलं तुला. नदी कधीचीच आटलीय.

हसली. “माहीत होतं. नोंदीचा नंबर रोज लावते मी, बाबा.”

मग आलीस कशाला?

“आले अशीच.”

गाडी सुटली. खिडकीतून हात हलवत होती, पण मी उभा होतो त्याच्या भलत्याच बाजूला. मी हाक मारली. आवाजात ऐकू गेली नसावी.

१२ मे

जावईबापूंचा फोन. “सांगितलं ना तिने तुम्हाला?” काय? मग म्हणाले, तिची नजर जातेय, कडेचं दिसायचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय, तेही वर्षभरच टिकेल. डॉक्टरांनी हात टेकलेत. “नदीचं निमित्त होतं, बाबा. तुमचा चेहरा बघून ठेवायचा होता तिला.”

आणि मी सहाही दिवस पाण्याकडे बघत होतो.