आत्याच्या रायफलचे छर्रे

हिन्टरआइख,
रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय बुर्गीआत्या,

तुला मनापासून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे पासाऊत तूही बरी असशील, थंडीने गुडघा फार कुरकुरत नसेल, अशी आशा करते.

यंदा सफरचंदं इतकी आली, की बाबांनी रस काढायचं यंत्र तीन दिवस बंदच केलं नाही. तळघरात चारशे लिटर रस झालाय. दारात येईल त्याला, अगदी पोस्टमनलासुद्धा, पेलाभर पाजल्याशिवाय बाबा सोडत नाहीत. आई म्हणाली, "तुम्हा भावा-बहिणीचं सारखंच. थांबायचं कधी ते कळत नाही." बाबा हसले. मी हसले नाही. तू तर थांबलीस, आत्या. मागच्या वर्षीच्या मार्चपासून तू रायफल हातात धरलेली नाहीस.

फोनवर मी नेमबाजी मंडळाचं नाव काढलं, की तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं आणि तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. पत्रही मध्येच ठेवून देता येतं, पण कृपा करून ठेवू नकोस.

मंडळ अजून खानावळीच्या तळघरातच आहे. वरून भाजलेल्या मांसाचा वास येतो आणि चाळिसावा नेम धरताना पोटात कावळे ओरडतात. सेव्हरिनकाका अजून प्रमुख आहेत, आणि अजूनही हरल्यावर गप्प बसतात आणि जिंकल्यावर गातात. दोन्हींपैकी जिंकणं जास्त त्रासाचं, असं सगळ्यांचं मत आहे.

तू मला दिलेली रायफल मी नीट ठेवली आहे. "घे, मला आता ही नुसती काठी आहे," असं म्हणून तू ती दिलीस, ते मी विसरलेले नाही. प्रत्येक सरावानंतर पुसते. तुझ्या बॅचच्या छर्ऱ्यांच्या डब्या मात्र संपत आल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. म्हणून गेल्या मंगळवारी मी रजा काढून ती रायफल घेऊन छर्ऱ्यांच्या कारखान्यात गेले.

तिथे हिर्नबॉक नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसतात. मिशा इतक्या मोठ्या, की नेमाच्या आड येत असतील. ते रायफलची नळी लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास, काळीज काहीच मध्ये येत नाही. मग एकेका बॅचचे दहा दहा छर्रे दहा मीटरवरच्या कागदावर सोडतात आणि भोक मोजतात. मी आधीच वहीत सगळं लिहून नेलं होतं, कुठल्या छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास किती, वजन किती. मी वाचायला लागले तर म्हणाले, "पोरी, वही मिट. डबीवर काय छापलंय ते छापखान्याला माहीत. नळीला काय आवडतं ते नळीलाच विचारायचं."

आणि नळी खरंच बोलते, आत्या! तोच कारखाना, तेच वजन, तोच साडेचार मिलिमीटरचा व्यास, नुसता बॅच नंबर वेगळा, तर एका बॅचचं भोक वाटाण्याएवढं आणि दुसरीचं जर्दाळूएवढं. नऊ बॅच झाल्या. मला आठवीचं भोक सगळ्यांत लहान वाटलं, मी लगेच "हीच द्या" म्हणाले. ते म्हणाले, "एकदा गोड बोललेल्यावर लग्न लावतेस का? पुन्हा विचार." पुन्हा विचारलं तर आठवी बिघडली आणि तिसरी तशीच राहिली. मग तिसरी तिसऱ्यांदा विचारली. तिसरीच घेतली, बारा डब्या.

इथे पत्र संपवता आलं असतं. बातमी चांगली आहे, पान भरलं आहे. पण संपवत नाही.

माझ्या खिशात आणखी दोन डब्या होत्या. एक तुझ्या जुन्या बॅचची, न उघडलेली. दुसरीही त्याच बॅचची, अर्धी. ती दीड वर्ष माझ्या मोज्यांच्या खणात होती.

आत्या, तुला आठवतं, सामन्याआधी तुझे छर्रे निवडायचं काम माझं होतं. दहापर्यंतचे आकडे मी तुझ्याकडून शिकले ते निशाणाच्या कागदावर, बाहेरून आत. शाळेत बाईंनी विचारलं, "दहाच्या पुढे काय?" तर मी म्हणाले, "दहाच्या पुढे काही नसतं, पुन्हा दहा." बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत तू मला रायफलला हात लावू दिला नाहीस, नुसती काठी धरून श्वास सोडायला लावलंस. पण छर्रे मात्र सातव्या वर्षापासून माझ्याकडे. एकेक उचलून उजेडाकडे धरायचा, मागच्या पोकळ घेराची कड बघायची, शंका आली तर बाजूला. आणि प्रत्येक वेळी हात धुवायचे. तूच शिकवलंस, शिसं वाईट असतं म्हणून.

आणि तू स्वतः? पुढचा छर्रा ओठांत धरून ठेवतेस! चाळीस नेम, चाळीस छर्रे, सगळे ओठांतून. त्या हिवाळ्यात तुला खोकला होता. तो शिशामुळे नव्हता हे मला आता कळतं, पण तेव्हा मी शिशाबद्दल रात्रंदिवस वाचत बसले होते आणि मला ते दिसायचंच बंद होईना. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "तीस वर्षं धरतेय, मला चव आवडते."

म्हणून वरच्या गटात बढती देणाऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझे छर्रे धुतले.

लिहिलं. आता सगळंच लिहिते. आईच्या शेवयांच्या चाळणीत ओतले, लिंबाचा भांड्याचा साबण घातला आणि आपण चेरी धुतो तसे खळखळून धुतले. मग पंच्यात गुंडाळून चोळून कोरडे केले. चाळणी शिशाची झाली म्हणून कचऱ्यात टाकली. आई अजून ती शोधते आहे आणि तिचा संशय शेजारच्या ऑटिलियावर आहे.

दुसऱ्या दिवशी तू चारशेपैकी ३५९ केलेस. तू, जिचे गुण ३८६च्या खाली जायचे नाहीत. आपण बढती घालवली. तू रायफल पेटीत ठेवलीस, आणि म्हणालीस, "हात गेला." मी तुझ्या मागे उभी होते, तुझं जाकीट धरून.

मी तेव्हा स्वतःला समजावलं की पाण्याने काय होतंय, शिशाला काय कळतंय. पण मला खात्री नव्हती. आणि खात्री करून घ्यायची हिंमत मंगळवारपर्यंत नव्हती.

हिर्नबॉकसाहेबांनी आधी न उघडलेली डबी लावली. दहा छर्रे, एकच भोक, वाटाण्याहून लहान. मग मी मोज्यांच्या खणातली दिली. कागद सरकत आला तेव्हा त्यांनी तो दिव्याखाली धरला. मांजरीच्या पायांसारखी भोकं, चार इकडे, तीन तिकडे. त्यांनी एक छर्रा भिंगाखाली धरला. घेर एका बाजूला किंचित चेपलेला. डोळ्यांना दिसत नव्हता, भिंगाला दिसला. वरचं तेलही गेलेलं.

"यांना आंघोळ कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

"आत्यावर जीव आहे म्हणून."

त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "मग आत्याला हा कागद दाखव," म्हणाले.

तो कागद सोबत आहे. दोन्ही आहेत, डावा न धुतलेल्या छर्ऱ्यांचा, उजवा धुतलेल्यांचा. आत्या, शिकंज्याला हात नसतो! हात गेला नव्हता, छर्रे गेले होते. मी गाडी लावली होती तिथे उभी राहून जोरात ओरडले. एक बाई पिशव्या सोडून बघत राहिली. मग मी गाडीत बसून रडले, कारण आनंद तुझा होता आणि चूक माझी, आणि दोन्ही एकदम आलं.

आता शेवटचं, ते मी सगळ्यांत जास्त टाळत होते. संघात चारच जण लागतात. तू गेलीस म्हणून चौथी मी झाले. तुझ्या रायफलने, तुझ्या जागेवर. दीड वर्ष. माझी सरासरी ३७१ आहे आणि मला तिथे उभं राहायला फार आवडतं, हेही लपवत नाही. काल सेव्हरिनकाका पुढच्या सामन्याची यादी घेऊन आले. "व्रोनी, नाव लिहितो हं तुझं. की परवानगीचा अर्ज भरून पाठवू बाईसाहेबांना?" मी म्हणाले, शुक्रवार, पंधरा तारखेपर्यंत चौथी ओळ रिकामी ठेवा. ते म्हणाले, "कुणासाठी?" मी सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण ते गायला लागले.

आत्या, ये. माझ्यावर रागावून ये, पण ये.

तुझ्या उत्तराला घाबरणारी,
व्रोनी


हिन्टरआइख,
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. परवाचा प्रवास नीट झाला ना? शेवटची बस मिळाली, एवढंच बाबांकडून कळलं.

जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. कारण माझ्या बाकावरून ते कसं दिसलं, ते तुला माहीत नाही.

अकरा दिवस तुझं पत्र नाही, फोन नाही. रोज पोस्टमन रस पिऊन रिकाम्या हाताने जात होता. गुरुवारी, चौदाला, सरावाच्या वेळी मी मान खाली घालून डब्या लावत होते आणि जिन्यावर तुझा आवाज आला, "छर्ऱ्यांना न्हाऊ घालणारी कोण इथे?"

मी उठलेच नाही. सेव्हरिनकाकांच्या हातातला पेला तिरका झाला. तू सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस, ओला कोट अंगावर तसाच, हातात ते दोन कागद.

"लिंबाचा साबण?"

"हो."

"मला वाटलं खानावळीवाल्याने पेला नीट विसळला नाही! चाळीस नेम मी लिंबू चाखत होते, व्रोनी. वर जाऊन त्या बिचाऱ्याला शिव्या घालून आले होते!"

आणि तू हसलीस. आत्या, दीड वर्षात मी ते ऐकलं नव्हतं. आधी तू, मग काका, मग वरून खानावळीवाला विचारायला आला की काय झालं, आणि त्याला कळल्यावर तो तर भिंतीला टेकला. म्हणाला, "दीड वर्ष मी पेले तीनदा विसळतोय!" मी मात्र रडत होते, आणि तू माझं डोकं तुझ्या ओल्या कोटात दाबून धरलं होतंस आणि म्हणत होतीस, "वेडाबाई. अगं, एक शब्द बोलायचा होतास. एक."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आई स्वयंपाकघरात तुझ्यासमोर किती शांतपणे म्हणाली, "म्हणजे चाळणी ऑटिलियाने नाही नेली तर." दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑटिलियाकडे मुरांबा घेऊन गेली. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही, म्हणून ऑटिलिया आता घाबरून आहे.

शुक्रवारी काकांनी चौथ्या ओळीत तुझं नाव लिहिलं. खाली पाचवी ओळ आखली आणि राखीव म्हणून माझं. पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे." मी लिहिलं. छातीत थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू. पण आत्या, ते दुखणं स्वच्छ होतं. दीड वर्ष जे होतं ते तसं नव्हतं.

परवाच्या सामन्यात रायफल पुन्हा तुझ्या हातात होती आणि मी बाकावर बसले होते, तुझ्या मागे चार पावलांवर. तू तिसऱ्या बॅचची डबी उघडलीस, पहिला छर्रा उचललास, ओठांकडे नेलास आणि थांबलीस. मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. मग तो हातातच धरलास. चाळीसही छर्रे हातात. त्यामुळे प्रत्येक नेमाला तुला थोडा जास्त वेळ लागला. शेवटच्या तीन नेमांना घड्याळात चारच मिनिटं होती आणि माझा श्वास बंद होता. तू सोडायचीस तेव्हाच मी सोडत होते, तू शिकवलंस तसा.

३७८.

आपण तीन गुणांनी हरलो, आणि काका गायले. हरल्यावर ते गायल्याचं मंडळात कुणालाच आठवत नाही.

मग मी माझी वही काढली, ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, आत्या, मी हिशेब केला आहे. त्या दिवशीची सगळी चूक माझी, असं मी पत्रात लिहिलं, पण तू पूर्वी ३८६ करायचीस आणि आज ३७८. छर्रे चांगले, बॅच तपासलेली. मग हे आठ गुण कुठे गेले? ओठांची सवय मोडली म्हणून गेले असतील, तर तेही माझेच. तू बूट बांधत होतीस. मान वर न करता म्हणालीस,

"त्या दिवशीचे सत्तावीस तुझे, मान्य. हे आठ माझे. मी चौपन्न वर्षांची आहे, हात थोडा हलतो, आणि मला तो हलताना परत बघायचा होता. त्या आठांना हात लावायचा नाही."

नाही लावणार. येत्या शुक्रवारी बस सातला येते, मी थांब्यावर असेन. छर्रे निवडून ठेवले आहेत, एकेक उजेडाकडे धरून, कोरडे.

तुझी,
संघातली पाचवी,
व्रोनी