तिळाला पानंच आली

७ जुलै
पावसानं उघडीप दिली. घरामागच्या वरकस, हलक्या रानात काळे तीळ पेरले. बी शालनचं, तिच्या माहेरचं. लग्नानंतरच्या पहिल्या खेपेला पदरात बांधून आणलेलं, दरवर्षी पेरून वाढवलेलं, पत्र्याच्या डब्यात राखेत जपलेलं. वाळूत मिसळून सगळं टाकलं. डबा झटकून रिकामा केला.
उभी हयात मी शाळेत फळ्यावर शेती केली. रानातली खरी शेती शालनची. आता गुरुजींची परीक्षा.
रोजनिशीत तिच्यासाठी ‘सौ.’ लिहायची सवय. आज पेन अडलं. कै. लिहिणार नाही. शालनच लिहितो.

२१ ऑगस्ट
फुलं आली. पांढरी, आतून जांभळट. वरच्या खोलीतली भाडेकरू मेघना कुंपणाशी थांबून बघत होती. परभणीची पोर. हिंजवडीत एका बियाण्याच्या कंपनीत आहे, प्रयोगशाळेत. म्हणाली, काका, आमच्याकडं तीळ एवढे उंच होत नाहीत. मी उगाच ताठलो.
तिच्या आईचं ऑपरेशन आहे. दिवाळीपर्यंत गावीच. संध्याकाळी किल्ली देऊन गेली. जिन्यावर वाजणारी तेवढी पावलं होती, तीही गेली.

१४ सप्टेंबर
बियाण्याची झाडं निवडली. शालनची रीत अशी, की चांगल्या झाडांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीचं ते बियाण्याचं, बाकीचं घाण्याला आणि खायला. चिंधीच्या झाडाला हात लावायची कुणाची टाप नसे. माझीही नाही.
तिचं पोपटी पातळ काढलं. फाडवेना. शेवटी काठ तेवढे राखून फाडलं.
बांधाकडची झाडं गर्द हिरवी, शेंड्याला पानांचे दाट झुबके. बाकीची पिवळी पडायला लागलीत. हिरवी तीच निवडली. शेजारच्या थोरल्या वहिनी आल्या, चिंध्या बघून म्हणाल्या, “भावजी, लई जोमात हायेत. शालनच्याच हातची वाटत्यात.”
त्या गेल्यावर बांधावर बसून रडलो. किती महिन्यांनी काहीतरी नीट झालं म्हणून.

६ ऑक्टो.
पिवळ्या झाडांची कापणी. पेंढ्या उभ्या करून ठेवल्यात. वाळल्या की उलट्या धरून चादरीवर झटकायच्या. कंबर मोडली. चिंधीची झाडं अजून हिरवीगार. जातिवंत आहेत, म्हटलं. वेळ घेणारच.

१७ ऑक्टो.
तीळ घाण्यावर नेले. वहिनी म्हणत होत्या, चटणीपुरते तरी ठेवा. मी ऐकलं नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सगळ्या भावकीत शालनच्या नावानं तेल द्यायचं मनात होतं. बियाण्याची काळजी नव्हती, चिंध्या होत्या की.
तेल वाटलं. एक बाटली मला. थोडं डोक्याला लावलं. घरात तिचा वास सुटला. दार लावून बसलो.

२९ ऑक्टो.
मेघना आली. आई बरी आहे म्हणाली. मी लगेच रानात नेलं, शाबासकी मिळवायला. दुसरं काय.
ती एका चिंधीपाशी खाली बसली. मग विचारलं, काका, बोंडं कुठायत? मी म्हटलं, येतील, उशिराची आहेत.
तिनं शेंड्याचा झुबका खुडून तळहातावर उलगडला. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. फुलाची ही चार वर्तुळं फळ्यावर किती वेळा काढली असतील मी. इथं चारी हिरवी. पाकळ्यांची पानं, पुंकेसरांची पानं. आणि मधोमध, जिथं बी धरायचं, तिथून नवीच डहाळी फुटलेली. इतके दिवस मी याला भरघोस म्हणत होतो.
जिवाणूचा रोग आहे म्हणाली. तुडतुडे या झाडावरून त्या झाडावर नेतात. फूल घडवायची जनुकं असतात, ती प्रथिनं बनवतात, आणि तू पाकळी हो, तू केसर हो, हे त्या प्रथिनांमुळे ठरतं. जिवाणू झाडाच्या रसात शिरतो आणि नेमकी तीच प्रथिनं मोडून टाकतो. मग फुलायचं राहतं, पानंच येत राहतात.
विचारलं, मग झाड मरत का नाही?
“मरत नाही काका. हिरवंच राहतं. पण स्वतःसाठी नाही. जिवाणूसाठी आणि तुडतुड्यांसाठी.”
बी धरणारच नाही का, विचारलं. नाहीच धरणार, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, बाकीची झाडं निरोगी होती ना, त्यांचं बी ठेवलंय ना?
मी तिला घरात नेऊन फडताळातली तेलाची बाटली दाखवली.

३० ऑक्टो.
शालनचा शेवटचा महिना आठवतोय. औषधांनी तोंड सुजलं होतं, गाल वर आले होते. भावकीतले येऊन म्हणायचे, तब्येत सुधारली की. मलाही तसंच वाटायचं. डॉक्टरांना हसून सांगितलं होतं, बाळसं धरलंय हो हिनं. ते हसले नाहीत.


२ नोव्हें.
झाडं उपटली. ठेवली तर रोग शेजारच्या रानात जाईल म्हणाली मेघना. ती स्वतः करते म्हणत होती. नको म्हटलं.
आधी चिंध्या सोडल्या. गाठी पावसानं घट्ट बसलेल्या, नखं दुखली. झाडं मात्र सहज आली, हट्ट न करता. वहिनींनी काटक्या रचल्या. ओली हिरवी झाडं, पेटता पेटेनात, नुसता धूर.
वहिनींना विचारलं, शालननं तुम्हाला मागं एकदा बी दिलं होतं ना?
“व्हय, दिलं व्हतं. संक्रांतीच्या लाडवात गेलं वो, भावजी.”
दोघांनाही हसू आलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.
धुरात उभा असताना एक आठवलं. चिंधी बांधायच्या आधी शालन प्रत्येक झाड हातात धरायची. मी लांबून बघायचो, वाटायचं, कुरवाळतेय. बोंडं दाबून बघत असणार. भरली आहेत का.
विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू.

९ नोव्हें.
भटजींचा निरोप. वर्षश्राद्धाला काळे तीळ लागतील. शालनचेच वाहायचे होते. पेरले तेव्हापासून मनात होतं, चिंधीच्या झाडांतले ठेवू म्हटलं होतं.
दुपारभर शोधलं. सूप आपटलं, पोत्याच्या शिवणी उसवल्या. चादरीच्या दुमडीत थोडे सापडले, चिमूटभरही नाहीत. मोत्यांसारखे वेचले.
मेघनाला दाखवले. निरोगी झाडांचेच आहेत, म्हणाली. ओल्या फडक्यात ठेवून बघा, मोड आले तर कुंडीत लावू, वर बारीक जाळी बांधू, तुडतुडे येणार नाहीत. आणि श्राद्धाला काय वाहायचं, मी विचारलं. तिनं ते माझ्या तळहातावर परत ठेवले. तिनं का बोलावं.
पोपटी चिंधी भिजवली. तीळ तिच्यात ठेवले, सगळेच. श्राद्धाला दुकानातले आणीन. शालन, रागावू नकोस.

१३ नोव्हें.
सकाळी चिंधी उलगडली. दोन-तीन दाण्यांच्या टोकाशी पांढरं काहीतरी आहे. मोड की बुरशी, चष्मा लावूनही ठरेना.
वहिनी डोकावल्या, म्हणाल्या, मोडच हायेत.  छान दिसतंय म्हणायची मला आता भीती वाटते.
मेघनाची कंपनीची गाडी संध्याकाळी येते, तेव्हा तिलाच दाखवीन. चिंधीवर पाणी शिंपडून परत मिटून ठेवली. दर थोड्या वेळानं हात तिकडं जातोय. उघडत नाही.