मधल्या सिलिंडरची टोपी

बाबा, तुमची व्हॅन अजून चालते. चालते म्हणजे, तिच्या मनात असेल तेव्हा. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून कुरतडलाय, मागचं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांशेजारचा इंजिनाचा पिवळा दिवा गेला पावसाळा संपल्यापासून अधूनमधून पेटतो. तुम्ही असतात तर दिवा दिसताक्षणी गाडी कडेला घेतली असतीत. फोंडाघाटच्या एका वऱ्हाडाला तुम्ही नवऱ्यामुलासकट रस्त्यावर उतरवलं होतंत, आणि वर त्यांनाच विचारलं होतंत, दिवो काय शोभेक लावलेलो आसा? मी मात्र दिवा पेटला तरी गाडी दामटते, कारण शेजारी आई असते आणि तिला वेळेवर सावंतवाडीला पोचवायचं असतं.

तुम्हाला हे ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा आईला साधी सर्दीही होत नसे. आता तिची मूत्रपिंडं काम करत नाहीत, एक दिवसाआड तिथे डायलिसिसला न्यावं लागतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, पाळी चुकवू नका, अंगातलं पाणी छातीत चढलं की वेळ मिळत नाही. आणि नेमकी त्याच सकाळी गाडी मिसिंग मारते. आपल्या पाणंदीचा चढ लागला की धडधडायला लागते, दिवा लुकलुकतो, जोर म्हणून राहत नाही. मी कशीबशी अंगणात परत आणते आणि मेकॅनिकला फोन लावायला रेंज शोधत शेतातल्या मांगराकडे पळते. कधी रिक्षा मिळते, कधी पाळीच चुकते. दोन पाळ्या चुकल्या तेव्हा आईचे पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा तसाच राही.

मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं. मधलं सिलिंडर मिसिंग मारतंय एवढं त्यावर आलं. त्याने प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. दर वेळी तो येईपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालत असे आणि तो माझ्याकडे बघत असे. बाजाराला गेले तर काही नाही, देवळात गेले तर काही नाही. मी रडकुंडीला आले होते. आई म्हणाली, माका बघवत नाय तो दिवो, आणि एक टिकली काढून त्यावर चिकटवली. तुम्ही गेल्यावर तिने लावायच्या सोडल्या, त्या पाकिटातली.

तुमची पद्धत मला आठवत होती, पण धीर होत नव्हता. अजून दिसतं मला. गाडी अंगणात सुरू आहे, तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उकिडवे बसला आहात, डोळे मिटून. आईने पुढची सीट उचललीय, खाली इंजिन. हाताला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती प्लगची एकेक टोपी काढते आणि परत बसवते. तुम्ही मागून ओरडता, "आवाज पडलो. तो चालता आसा. दुसरो काढ." ज्याची टोपी काढून आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच बिघडलेला. झटका बसू नये म्हणून ते रबर. मी एकदा हात पुढे केला तर तुम्ही केवढ्याने खेकसला होतात. हे काम आईचंच. मग निघताना स्टिअरिंगवर हात ठेवून तुमचं गाऱ्हाणं, बा म्हाराजा, जसा नेतंस तसाच परत घराक हाड. आणि शेजारून आईचं, व्हय म्हाराजा. ते झाल्याशिवाय तुम्ही गिअर टाकत नव्हतात.

मीही गाऱ्हाणं घालते. तुमच्यासारखा आवाज लागत नाही, पण घालते. देवळात जाताना आई व्हय म्हाराजा म्हणते. सावंतवाडीला जाताना ती काचेतून बाहेर बघत बसते. मला वाटायचं, दमलेली असते.

आज सकाळी चढापर्यंतही जावं लागलं नाही. अंगणातच गाडी थरथरायला लागली. मी आईला खाली उतरवलं आणि तिची सीट उचलली. मधली टोपी प्लगवरून निघून बाजूला पडली होती. तिच्याशेजारी सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, घराच्या दारामागच्या खिळ्यावर असतो तो. इंजिन बंद असताना रबराची गरजच नव्हती, बाबा. सवय तिची. एरवी नुसती सैल करत असणार, आणि मी रेंज शोधायला गेले की परत दाबून बसवत असणार. आज घाईत जरा जास्तच निघाली.

मी गाडी बंद केली. आई तुळशीला टेकून उभी होती. मी रबर हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तीच म्हणाली, "मी दमलंय गो. आजचो दिवस रवांदे."

तुम्ही खेकसला असतात आणि ती मुकाट्याने गाडीत बसली असती. मला खेकसता येत नाही. बसवायची म्हटली तर टोपी एका बोटाने बसते, पण मग तिला हाताला धरून त्याच सीटवर बसवावं लागतं, आणि ते मला आज जमलं नाही. मी केंद्रावर फोन करून सांगितलं की गाडी बंद पडलीय. उद्या सकाळी लवकर या, म्हणाले. आई पेज जेवली, आणि मीठ-मासळी बिलकुल वर्ज्य असताना तिने सुक्या सुंगटांची कोशिंबीर दोनदा मागून घेतली. मी वाढली. आता ती पडवीत झोपलीय, आणि मी गाडीत तिच्या सीटवर बसून हे लिहितेय. लिहिताना मध्येच थांबून तिचा श्वास नीट चाललाय ना ते ऐकते, तुम्ही सायलेन्सरपाशी ऐकायचात तशी, डोळे मिटून. मला त्यातलं काही कळत नाही.

उद्या टोपी बसवीन. गाऱ्हाणं घालीन आणि ती व्हय म्हणेपर्यंत गाडी हलवणार नाही, असं ठरवतेय. ती म्हणालीच नाही तर काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. हा कागद तिच्या नजरेला पडायच्या आत चुलीत घालीन, कारण एक गोष्ट तिला कळता कामा नये. टोपी निघालेली दिसली, आज जायला नको हे कळलं, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. राग त्यानंतर आला.