टाकी झुकत नाहीये

मंगळवार, संध्याकाळ. अवधपुरी

टाकी झुकत नाहीये. नुसतं लिहूनसुद्धा किती हलकं वाटतंय!

मिसरोदच्या सोसायटीतल्या पाण्याच्या जुन्या टाकीला तडे दिसले, म्हणून आम्ही तिच्यासमोर मोजमापाचा कॅमेरा लावला. तर तो रोज दुपारी टाकी केसभर झुकल्याचं दाखवू लागला. टाकीखालची घरं रिकामी करायचं ठरत होतं. तिथल्या देशपांडे काकू अंथरुणाला खिळलेल्या. काका मला म्हणाले होते, "बेटा, हिला उचलून कुठे नेऊ?"

मला संशय कॅमेऱ्याचाच. उन्हात लेन्सचं धातूचं नळकांडं प्रसरण पावतं आणि चित्र सरकतं. त्यासाठी तापमान पाहून आकडा दुरुस्त करायची सोय होती, पण तापमानाचा सेन्सर कॅमेऱ्याच्या बाहेरच्या पेटीवर! पेटी आधी तापते, लेन्स मागाहून. म्हणजे दुरुस्ती भलत्याच वेळी होत होती. आज सेन्सर थेट लेन्सला चिकटवला. भर दुपारी आलेखाची रेघ सरळ!

मग वेगळीच भीती. दुरुस्तीच्या नावाखाली मी खरं झुकणं तर पुसत नाही ना? माझा मदतनीस सक्सेना, त्याने टाकीशेजारी एक खूणपट्टी लावली आणि मुद्दाम केसभर सरकवली. कॅमेऱ्याने ती लगेच पकडली. टाकी मात्र जागच्या जागी. तो ओरडलाच, "मॅडम, टंकी खडी है!"

तरी पुन्हा करायला लावलं. खरंच पुसत नाही ना? नाही.

काकांना फोन करून सांगितलं. ते तसेच आत वळून म्हणाले, "ऐकलंस? कुठे जायचं नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "मग ते भांड्यांचं बांधलेलं खोकं सोडा आधी. चहाची गाळणी त्यातच आहे."